उरलेल्या गोळ्या

आमच्या वसतिगृहाच्या कपाटांत एक पत्र्याचा डबा असे. मुलांच्या आजारपणांतून उरलेल्या गोळ्या आम्ही त्यांत जपून ठेवीत असूं. पैशाची वस्तु वायां कां दवडावी, ही आमची काटकसर. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, आठवीचा एक मुलगा घसा दुखतो म्हणून आमच्याकडे आला. मागील महिन्यांत दुसऱ्या एका मुलास घशासाठींच डॉक्टरांनीं दिलेल्या अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या डब्यांत होत्या. त्यांतली एक आम्हीं त्यास दिली. अर्ध्या तासाच्या आंत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले व श्वास लागूं लागला. रिक्षानें इस्पितळांत नेलें, सुई टोचली, आणि प्रभूच्या कृपेनें मुलगा वांचला. दुसऱ्या दिवशीं त्याची आई गांवाहून आली. लहानपणीं पेनिसिलिनच्या इंजेक्शनानें त्यास असेंच झालें होतें, असें तिनें सांगितलें. अमॉक्सिसिलिन हें पेनिसिलिनच्याच कुळांतलें. तिला आधीं विचारावें असें आमच्या मनांत कधीं आलेंच नव्हतें. तिनें आम्हांस बोल लाविला नाहीं. तेंच अधिक लागलें.

त्या प्रसंगानंतर प्रतिजैविक औषधांविषयीं, म्हणजे लोक ज्यांस अँटिबायॉटिक म्हणतात त्यांविषयीं, आम्हीं जें वाचलें व जाणत्यांस विचारलें, तें विद्यार्थी व त्यांचे आईबाप यांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

सन १९२८ मध्यें लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांस बुरशीच्या ठिपक्याभोंवतालचे जंतु नाहींसे झालेले दिसले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असतेच. तिच्या पुढची गोष्ट सहसा नसते. त्या बुरशीच्या रसापासून औषध सिद्ध झालें तें ऑक्सफर्ड येथें, फ्लोरी, चेन व हीटली यांच्या श्रमांनीं. फेब्रुवारी १९४१ मध्यें आल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या एका पोलीस शिपायास तें टोचण्यांत आलें. जंतूंच्या विकारानें त्याचा एक डोळा गेला होता व फुप्फुसेंही बिघडलीं होतीं. थोड्याच दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. परंतु औषध इतकें अल्प होतें कीं, त्याच्या लघवींतून तें पुन्हां काढून त्यासच देत. अखेर तेंही संपलें, दुखणें उलटलें, आणि मार्चमध्यें तो मरण पावला. त्यास औषध हवें असून मिळालें नाहीं; आमच्याकडे तें डब्यांत पडून होतें. पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं सरकारी कारखाना निघाला व आपल्या देशांतही पेनिसिलिन तयार होऊं लागलें, तेव्हांपासून तें आपणांस इतकें सुलभ झालें आहे कीं त्याचें भय उरलें नाहीं.

पेनिसिलिन काम कसें करितें, हें समजलें म्हणजे पुष्कळ चुका आपोआप टळतात. जंतूच्या पेशीभोंवतीं एक भिंत असते; ती बांधूं न देणें हें ह्या औषधाचें काम. आपल्या पेशींस तशी भिंतच नाहीं, म्हणून जंतु मरतो व आपण जगतों. सर्दी, इन्फ्लुएन्झा व डेंगू हे रोग विषाणूंचे. विषाणूसही भिंत नाहीं. तेव्हां सर्दीवर ही गोळी घेणें म्हणजे कुलूप नसलेल्या दारास किल्ली लावीत बसणें होय. शिवाय आंतड्यांतील उपकारक जंतु मात्र तिनें मरतात, आणि जुलाब लागतात.

"फार घेतलें तर शरीरास औषधाची सवय होते," असें पालक आम्हांस सांगतात. सवय शरीरास होत नाहीं, जंतूंस होते. लाखांमध्यें एखादा जंतु औषधास दाद न देणारा असतो. बाकीचे मेले कीं मैदान त्याचें. पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतूंपाशीं आहे, हें चेन व अब्राहम यांनीं १९४० सालींच, म्हणजे त्या शिपायास औषध देण्यापूर्वींच, प्रसिद्ध केलें होतें. फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत एका कल्पित गृहस्थाची कथा सांगितली: त्यानें घशासाठीं आपल्या मनानें अपुरें पेनिसिलिन घेतलें, जंतु निर्ढावले, ते त्याच्या पत्नीस लागले, आणि ती दगावली. ही कथा वाचतांना आमच्या पत्र्याच्या डब्याची आठवण आम्हांस झाली नाहीं असें नाहीं.

औषध किती दिवस घ्यावें, हें रोगागणिक वेगळें असतें. पूर्वीं दहा दिवस देत, तेथें कित्येक रोगांत आतां पांचच दिवस पुरे ठरले आहेत. म्हणून बरें वाटतांच आपल्या मनानें सोडूं नये, व धास्तीनें वाढवूंही नये, डॉक्टरांस विचारावें. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळीं दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत. गोळ्यांच्या पाकिटावर उभी तांबडी रेषा असली तर चिठ्ठीवांचून तें औषध मागूं नये, दुकानदारानें दिलें तरी. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊं नये, आणि गिळल्यावर लगेच आडवें होऊं नये. घशाखालीं जळजळ होऊन व्रण पडतो. मुलांच्या औषधाची पूड असलेल्या बाटलींत उकळून थंड केलेलें पाणी खुणेपर्यंतच घालावें. अंगावर पुरळ उठल्यास पुढची गोळी देण्याआधीं डॉक्टरांस कळवावें. परंतु ओठ सुजले, श्वास कोंडला, तर घरगुती उपायांत एक क्षणही न घालवितां इस्पितळ गांठावें.

आमच्या कपाटांत आतां तो डबा नाहीं. वसतिगृहाच्या प्रवेशपत्रावर एक रकाना वाढला आहे: कोणतें औषध सोसत नाहीं? बहुतेक पालक तो कोरा सोडतात, व आम्हीं त्यांस पुन्हां विचारावें लागतें. तो मुलगा आतां दहावींत आहे. मागील आठवड्यांत त्यास दांताच्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां खुर्चीवर बसण्यापूर्वींच तो आपण होऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मला पेनिसिलिन चालत नाहीं."