पुढचा भाग पाहताना



हेरपट पाहून चित्रपटगृहाबाहेर पडणारी मुले बहुधा गाड्यांविषयीच बोलत असतात. कोणती उलटली, कोणती भिंतीवर आदळली, नायक कसा वाचला. त्यात वावगे काही नाही. पण तिकिटाचे पैसे तेवढ्याने वसूल होत नाहीत. म्हणून या अंकात एकच चित्रपट घेऊन तो कसा पाहावा याचा थोडा अभ्यास करू. 'द बॉर्न सुप्रीमसी' हा तो चित्रपट. तो २००४ च्या जुलैत अमेरिकेत प्रदर्शित झाला. २००२ च्या 'द बॉर्न आयडेंटिटी'चा तो पुढचा भाग. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास, नायक मॅट डेमन. आणि तो निवडण्याचे खरे कारण हे की त्याची सुरुवात आपल्या गोव्यात होते, आणि तो भाग चित्रितही गोव्यातच झाला आहे.

पुढच्या भागापुढे नेहमी एक अडचण असते. पहिला भाग न पाहिलेल्या प्रेक्षकाला मागची हकीकत सांगायची, आणि पाहिलेल्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही. इथे ती कशी सोडवली आहे पाहा. जेसन बॉर्न रात्री दचकून जागा होतो. स्वप्नात दिसलेले तुकडे तो वहीत टिपून ठेवतो आणि सोबतीण मरी त्याला धीर देते. एवढ्यावरून कळते की या माणसाची स्मृती गेली आहे, पूर्वी त्याने काहीतरी भयंकर केले आहे, आणि दोघे लपून राहत आहेत. वेगळे निवेदन लागत नाही. निबंधाची प्रस्तावना लांबवणाऱ्यांनी हे दृश्य दोनदा पाहावे!

मग गावात एक परका माणूस दिसतो. त्याचे कपडे, त्याची गाडी यांचा त्या जागेशी मेळ बसत नाही, आणि ते बॉर्नच्या नजरेत भरते. पाठलाग सुरू होतो. जीप बॉर्न चालवत असतो. वाटेत तो मरीला चाक हाती घ्यायला सांगतो आणि दोघे जागा बदलतात. मारेकऱ्याला वाटते की चालकाच्या जागी अजून बॉर्नच आहे. तो नेम धरतो आणि गोळी मरीला लागते. जीप पुलावरून नदीत कोसळते. बॉर्न मेला असे समजून मारेकरी निघून जातो. जागा बदलण्याची ती साधी कृती ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. रॉबर्ट लडलमच्या १९८६ च्या मूळ कादंबरीत मात्र मरी मरत नाही. ती कथा हाँगकाँग, मकाव, चीन या भागांत घडते. नाव तेच ठेवून पटकथाकार टोनी गिलरॉय यांनी कथानक जवळजवळ नवेच रचले आहे.

आता पाठलागाच्या दृश्यांविषयी. या चित्रपटात एक शॉट सरासरी सुमारे दोन सेकंदच टिकतो. मनात 'एक, दोन' म्हणा. तेवढ्यात चित्र बदललेले असते. कॅमेरा बहुधा हातात धरलेला, त्यामुळे चित्र हलते. काही प्रेक्षकांना गरगरले, ही तक्रार खोटी नव्हे. मलाही काही मारामाऱ्यांत कोण कोणाला मारतो हे नीट दिसले नाही. पण मॉस्कोतील टॅक्सीच्या पाठलागात ही पद्धत शोभते, कारण बॉर्न स्वतः जखमी आणि गोंधळलेला आहे. अशा दृश्यांत गाडीत नट दिसला, तरी ती गाडी पुष्कळदा दुसऱ्या वाहनावर बसवलेली असते आणि चालवणारा कसबी माणूस आपल्याला दिसत नाही. दुचाकी घेऊन ट्यूशनला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी घरी हे अवश्य सांगावे.

त्या पाठलागाच्या शेवटी मरीचा मारेकरी चिरडलेल्या गाडीत असहाय पडलेला असतो. बॉर्न पिस्तूल रोखतो, आणि गोळी न झाडता निघून जातो. नंतर तो एका तरुण मुलीच्या घरी जातो. आपल्या आईने वडिलांना मारून आत्महत्या केली, असे तिला लहानपणापासून सांगण्यात आलेले असते. बॉर्न तिला सांगतो की त्या दोघांनाही त्यानेच मारले. तो क्षमा मागतो आणि लंगडत बाहेर पडतो. ती मुलगी त्याला माफ करत नाही, शिव्याही देत नाही. हेरपटाच्या शेवटी स्फोट असतो अशी आपली समजूत. इथे एका खोलीत दोन माणसे बोलतात. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत धाडसी दृश्य हेच.

एक उणेही सांगतो. यातला गोवा म्हणजे समुद्रकिनारा, बाजार आणि अरुंद रस्ते. परदेशी माणसाला लपायला बरी जागा. इथे शाळा आहेत, माणसे कोकणी-मराठी बोलतात, याचा पत्ता लागत नाही. योगायोग असा की त्याच २००४ च्या नोव्हेंबरात भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव प्रथमच पणजीत भरला.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपले गाव ज्यात दिसते असा कोणताही चित्रपट पालकांसोबत पाहा. त्यातील एका मिनिटात शॉट किती वेळा बदलतो ते मोजा. गावातील काय दाखवले आणि काय वगळले, ते पंधरा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.