हौशी रेडिओ : छंदातून सेवा

रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या गावच्या हौशी रेडिओ मंडळाची हजेरी लागते. सभासद मात्र एका खोलीत जमत नाहीत. कोणी किराणा दुकानाच्या माळ्यावर बसलेला असतो, कोणी शेतातल्या घरात. एक निवृत्त पोस्टमास्तर तर अंगणातल्या पेरूच्या झाडाला एरियल बांधून बसतात. ठरलेल्या कंप्रतेवर एकजण नियंत्रक होतो आणि एकेकाचे संकेतनाम पुकारतो. ज्याचे त्याने उत्तर द्यायचे, आणि आवाज किती स्पष्ट व किती जोरात आला हे आकड्यांत सांगायचे. ‘पाच-नऊ’ म्हणजे उत्तम. मग हवापाणी, नव्या एरियलची चौकशी, आणि अर्ध्या तासात सभा बरखास्त.

“सर, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?” असे माझे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी मोबाइलचेच काम पाहू.

तुमच्या हातातला मोबाइल समोरच्या माणसाशी थेट बोलत नाही. त्याचे तरंग जातात ते जवळच्या मनोऱ्यापर्यंत. तेथून पुढचा प्रवास बहुधा जमिनीखालच्या काचतंतूंतून आणि मोठ्या विनिमय केंद्रांतून होतो. या साखळीतील प्रत्येक कडीला वीज लागते. भूकंपात मनोरा पडला, पुरात केबल वाहून गेली किंवा मनोऱ्याखालची बॅटरी संपली, की खिशातले यंत्र धडधाकट असूनही मुके होते. हौशी रेडिओचालकाची साखळी फार आखूड असते. एक संच येथे, एक तेथे, आणि मध्ये फक्त आकाश!

हे आकाश दोन प्रकारे उपयोगी पडते. हौशी चालकांसाठी राखून ठेवलेले कंप्रतांचे अनेक पट्टे आहेत. त्यांपैकी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा ‘दोन मीटरचा’ पट्टा घ्या. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची वक्रता आड आली की संपर्क तुटतो. एरियलची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, की हे रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते साधारण कळते. हातात संच धरून उभ्या असलेल्या माणसासाठी (उंची दीड मीटर) ते जेमतेम ५ किलोमीटर येते. पण सिंहगडासारख्या, भोवतालच्या पठारापासून सुमारे ७०० मीटर उंच जागी एरियल असेल, तर तेच अंतर १०९ किलोमीटर होते. म्हणूनच दुर्बळ संचांचे बोलणे ऐकून ते पुन्हा जोरात प्रक्षेपित करणारा ‘रिपीटर’ उंच डोंगरावर बसवतात. किल्ल्यांवरच्या चौक्यांनाही हेच भूमितीचे गणित लागू होते. फक्त तेथे तरंग प्रकाशाचे होते.

डोंगराच्या पलीकडे, शेकडो किलोमीटर दूर जायचे असेल तर दुसरी युक्ती लागते. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागातील अणूंचे आयनीभवन होते. या भागाला आयनांबर म्हणतात. त्यातील २५० ते ३०० किलोमीटर उंचीवरचा थर ७ किंवा १४ मेगाहर्ट्झचे तरंग वाकवून पुन्हा जमिनीकडे धाडू शकतो. येथे एक मौजेची गोष्ट आहे. चपटी खापरी तळ्यात सरळ खाली टाकली तर बुडते, पण तीच तिरकी फेकली तर पाण्यावरून उड्या मारत जाते. तरंगांचेही काहीसे असेच. समजा, एखाद्या दुपारी आयनांबर डोक्यावरून सरळ गेलेले ७ मेगाहर्ट्झपर्यंतचेच तरंग परत पाठवू शकते. मग १४ मेगाहर्ट्झचे तरंग सरळ वर सोडल्यास ते आरपार निघून जातील. पण क्षितिजाशी २० अंशांच्या आसपासचा कोन करून सोडले, तर ते वाकून हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतील. त्या दोन ठिकाणांच्या मधल्या गावांना मात्र काहीच ऐकू येणार नाही!

म्हणजे दूरचा संपर्क साधायचा तर १४ मेगाहर्ट्झ. शेजारच्या जिल्ह्याशी बोलायचे तर ७ मेगाहर्ट्झ, आणि एरियल मुद्दाम जमिनीपासून थोड्याच उंचीवर. कारण आता तरंग सरळ वर जाऊन छत्रीसारखे खाली पसरायला हवेत. रात्री आयनांबर विरळ होते, ७ मेगाहर्ट्झवरची जवळची केंद्रे एकाएकी नाहीशी होतात, आणि चालक ३.५ मेगाहर्ट्झकडे वळतो. केव्हा कोणता पट्टा चालेल हे पुस्तकातून पुरते कळत नाही. रविवारच्या त्या रिकामटेकड्या वाटणाऱ्या गप्पांतून ते अंगवळणी पडते.

२६ डिसेंबर २००४ रोजी हे अंगवळणी पडलेले ज्ञान किती मोलाचे असते ते दिसले. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या महिन्यात पोर्ट ब्लेअरला मुक्काम करून होते. अंदमानात अनेक वर्षे हौशी रेडिओला परवानगी नव्हती. ती प्रयत्नाने मिळवून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधण्याची त्यांची मोहीम चालू होती. म्हणजे निव्वळ छंदच. पहाटे साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामी आली आणि बेटांचे दूरध्वनी बंद पडले. मोहिमेसाठी नेलेले संच तेथे होतेच. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई हे अंतर सुमारे १,३५० किलोमीटर, म्हणजे वर सांगितलेल्या तिरक्या उडीच्या टप्प्यातले. छंदाची मोहीम त्याच क्षणी थांबली आणि ‘अमुक माणूस सुखरूप आहे’ असे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्यापूर्वी १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या कच्छमधील भूकंपातही हौशी चालक आपापले संच घेऊन मदतीला गेले होते.

सेवेसाठी संकटच यावे लागते असे मात्र नाही. बंगालमध्ये मकरसंक्रांतीला सागर बेटावर गंगासागरची यात्रा भरते. लाखोंच्या गर्दीत माणसे चुकतात, आणि त्यांत म्हातारी माणसे फार. एखाद्या आजीबाईला फक्त स्वतःची बोली येते. जिल्ह्याचे नाव ठाऊक नसते, पण गावच्या देवीचे किंवा आठवड्याच्या बाजाराचे ठाऊक असते. वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लबचे सभासद अशा माणसांजवळ बसून एवढाच धागा पकडतात, तो त्या त्या भागातील आपल्या रेडिओमित्राला कळवतात, आणि तो तेथे चौकशी करून घरच्यांचा ठाव लावतो. या कामात आता फोनही वापरतात. पण अनोळखी आजीबाईसाठी उठून शोधाला निघणारा माणूस त्या गावाजवळ असावा लागतो, आणि तो रेडिओवरच्या ओळखीतून मिळतो.

निरोप पाठवणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. आमच्या मंडळाच्या एका सरावात ‘फिफ्टीन’ घोंगड्या पाठवा असा निरोप होता. मी तो ‘फिफ्टी’ असा लिहून घेतला. सराव होता म्हणून हसण्यावारी गेले! मराठीत तर एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांचाही घोटाळा होतो. म्हणून आकडे सुटे सुटे वाचायचे : तीन, नऊ. नावातील इंग्रजी अक्षरे ‘अल्फा, ब्राव्हो’ अशी सांगायची, आणि ऐकणाऱ्याने सगळा निरोप परत वाचून दाखवायचा. तोवर काम पुरे झाले असे मानायचे नाही.

आणि बोलायचे थोडे. का, ते गणितानेच पाहा. १०० वॉटचा संच १२ व्होल्टच्या बॅटरीतून बोलताना सुमारे २० अँपिअर आणि ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतो, असे सोयीसाठी धरू. तासातली १० मिनिटे बोललो तर खर्च सुमारे ४.२ अँपिअर-तास. मोटारीच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्माच साठा वापरायचा ठरवला, तर ती सात तास पुरेल. बोलणे दोन मिनिटांवर आणले की तीच बॅटरी अठरा तास चालते. वर्गात गप्पिष्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला हे उदाहरण सोडवल्यावर बराच वेळ शब्द फुटला नव्हता.

या छंदाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. बारा वर्षे पूर्ण झाली की परीक्षेला बसता येते. तीत प्राथमिक विद्युत्‌शास्त्र, रेडिओची तत्त्वे आणि नियम असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही. उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला की ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. व्यापारी मजकूर किंवा पैसे घेऊन निरोप पाठवणे यांना सक्त मनाई आहे. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, हे शिक्षकांनी मुलांना आधीच सांगावे. ओळखीच्या चालकाकडे जाऊन शेजारी बसून ऐकणे ही सुरुवात सर्वांत चांगली.

तोपर्यंत एरियलचे गणित करून ठेवा. मधोमध तोडून केबल जोडलेली साधी तार तरंगलांबीच्या निम्मी हवी. प्रकाशाच्या वेगावरून तरंगलांबी मीटरमध्ये ३०० भागिले मेगाहर्ट्झ अशी येते, ७.१ मेगाहर्ट्झला ती ४२.२५ मीटर, निम्मी २१.१ मीटर. प्रत्यक्षात तारेच्या टोकांच्या परिणामामुळे ती सुमारे पाच टक्के आखूड घ्यावी लागते, म्हणजे २० मीटर. तुमच्या शाळेच्या मैदानात ती मावेल का, ते मोजून पाहा, आणि १४.२ व १४५ मेगाहर्ट्झसाठी तारेची लांबी किती येईल, तेही काढा. त्यांपैकी एक तार तर तुमच्या वर्गाच्या दारातही टांगता येईल.