पाचवी चिमणी
मनन : मत्तय 10:29, लूक 12:6



संत मत्तयच्या शुभवर्तमानात चिमण्यांचा भाव आहे एका पैशाला दोन. संत लूकच्या शुभवर्तमानात दोन पैशांना पाच. म्हणजे पाचवी वर फुकट! बाजारात जिची किंमत शून्य, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू येशू शिकवतो.

ही देवाची पाखरे आपल्याकडेही आहेत. हिवाळ्यात येऊरच्या रानात पिवळाधमक हळद्या दिसतो. उन्हाळ्यात पहाटे काळापांढरा दयाळ गोड शीळ घालतो. शिंजीरची मादी तर आपल्या बाल्कनीतल्या वेलीलाही घरटे टांगते.

लाल मुनियाला मात्र तिचा रंगच भोवतो. पिंजऱ्यासाठी तिला जाळ्यात पकडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. ‘विकत घेऊन सोडून देऊ’ असेही म्हणू नका. त्याच पैशांवर पुन्हा जाळे लागते.

या आठवड्यात : खिडकीत पाण्याचे भांडे ठेवा. घरटे दिसल्यास पिल्ले उडेपर्यंत हलवू नका. आणि स्वतःला विचारा, माझ्या शेजारी ‘पाचवी चिमणी’ कोण? एकटे आजोबा? घरकामाला येणारी ताई? त्यांची आज विचारपूस करू या.