सिंगापूरचे बंदिवान गवंडी

आमच्या कोंकणी घराच्या ओसरीवरील जुन्या भिंतीवरून हात फिरविला, म्हणजे तो संगमरवरासारखा गार लागे. हा गिलावा शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा, असे घरातील वडील माणसे सांगत. पुढे सिंगापूरचा इतिहास वाचीत असता हाच शिंपल्यांचा चुना आम्हांस पुन्हा भेटला. मात्र तेथे तो घोटणारे हात आपल्या देशातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या बंदिवानांचे होते. त्या हातांना हे काम कसे आले, ती हकिकत आज सांगावयाची आहे.

1825 साली बेंकुलेनहून हिंदी बंदिवानांच्या पहिल्या तुकड्या सिंगापुरास आणण्यात आल्या. पुढे बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून माणसे तेथे जात राहिली. मुंबई इलाख्यातून गेलेल्यांत मराठी बोलणारेही असलेच पाहिजेत, असे आम्ही समजतो. प्रारंभी त्यांजकडून रान तोडणे, दलदल बुजविणे, रस्ते बांधणे अशी अंगमेहनतीची कामे घेतली जात. परंतु वाढत्या शहरास गवंडी, सुतार, लोहार, पाथरवट हवे होते, आणि मोल देऊन असे कारागीर आणणे सरकारास महाग पडत होते. तेव्हा हाताशी असलेल्या बंदिवानांनाच हे धंदे शिकवावे, असे ठरले. यामागे केवळ भूतदया होती, असे मानण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेची माहिती मेजर मॅक्नेअर या अधिकाऱ्याने बेलिस या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या 1899 च्या पुस्तकात सापडते. ‘बंदिवान हेच आपले पहारेकरी’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. बंदिवानांचे सहा वर्ग असत. नवखा मनुष्य पायांत बेडी घेऊन रस्त्यावर राबे. वर्तणूक चांगली राहिली, की वरच्या वर्गात जाई, बेडी निघे, कारखान्यात धंदा शिकावयास मिळे. त्याहून वर चढला, म्हणजे इतर बंदिवानांवर देखरेख करण्याचे काम त्याजकडे येई. सर्वांत वरच्या वर्गातील मनुष्यास परवाना घेऊन तुरुंगाबाहेर राहून पोट भरण्याची मुभा असे. आम्ही शिक्षक ज्याला वरच्या इयत्तेत घालणे म्हणतो, त्याचाच हा एक प्रकार. फरक एवढाच, की येथे नापास होणाऱ्याच्या पायांत पुन्हा लोखंड येई.

सेंट अँड्र्यूज हे देवालय या शिक्षणाची मोठी परीक्षा ठरले. पूर्वीच्या देवालयावर वीज पडल्याने ते पाडावे लागले होते. नव्याचा पाया 1856 साली घातला गेला व 1861 साली तेथे पहिली प्रार्थना झाली. आराखडा कर्नल मॅक्फर्सनचा, बांधणारे बंदिवान.

त्याच्या भिंतींचा गिलावा मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. वाळू न घालता शिंपल्यांचा चुना घ्यावयाचा, त्यात अंड्यांचा पांढरा बलक आणि जाडी साखर घालून लोण्यासारखा होईतो कुटावयाचा. नारळाची सोडणे ज्यात भिजत घातली, ते पाणी त्यात मिसळावयाचे. मग गिलावा चढवून, तो सुकल्यावर स्फटिकाने अथवा गोल गोट्याने घासून घासून चकाकी आणावयाची. चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगड होतो. त्यास घाई चालत नाही. ज्याच्या शिक्षेची वर्षे अजून सरावयाची आहेत, अशा माणसाच्या हाती असे धीराचे काम यावे, हा योगायोग आम्हांस मोठा विचित्र वाटतो.

गवंडीकामाचा आणखी एक गुण येथे सांगितला पाहिजे. ओळंबा सोडला, की भिंत सरळ की कललेली हे तत्क्षणी कळते. बांधणारा कोण, हे त्या दोरीला ठाऊक नसते. ज्याच्याविषयी न्यायाधीशापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांनी एकच मत बनविले आहे, त्याला असा निःपक्षपाती परीक्षक क्वचितच भेटतो.

1858 मध्ये सेरंगून रस्त्याजवळ विटांचे कारखाने उभे राहिले. तेथील बंदिवानांनी पाडलेल्या विटांना 1867 च्या आग्रा येथील प्रदर्शनात पदक मिळाले. 1867 ते 1869 या काळात मॅक्नेअरच्याच आराखड्यावरून गव्हर्नरचा वाडा बांधला गेला; आज त्यात सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान आहे. आपला तुरुंगही बंदिवानांनी आपणच बांधला होता, हेही विसरता कामा नये. अंदमानचे सेल्युलर जेल 1896 ते 1906 या काळात बंदिवानांच्याच श्रमाने उभे राहिले. थापी तीच; तिने काय बांधावे, ते ठरविणारे निराळे.

1873 साली सिंगापूरची ही वसाहत मोडली आणि शिक्षा शिल्लक असलेल्यांना अंदमानास नेण्यात आले. मॅक्फर्सनचे स्मारक त्या देवालयाच्या आवारात आहे. गवंड्यांचे स्मारक म्हणावयाचे तर त्या भिंतीच.

हा विषय वर्गात निघाला, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, सुटल्यावर त्यांना काम मिळाले का?” प्रश्न नेमका होता. सुटलेल्यांपैकी पुष्कळजण तेथेच राहिले. कोणी गाड्या हाकल्या, कोणी गुरे पाळली, कोणी शिकलेला धंदा चालविला. शहर वाढत होते आणि काम जाणणाऱ्याची गरज होती. आजही आपल्या तुरुंगांतून सुतारकामासारखे धंदे शिकविले जातात, आणि 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीनेही धंदेशिक्षणावर भर दिला आहे. परंतु सुटलेला तरुण ठेकेदारापुढे उभा राहतो, तेव्हा ठेकेदार त्याची भिंत पाहण्याआधी विचारतो, “काम कोठे शिकलास?” आमच्या मते त्याच्या प्रमाणपत्रावर धंद्याचे नाव असावे, तुरुंगाचे असू नये. त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले. त्यावर तो म्हणाला, “पण सर, ठेकेदाराने विचारलेच तर त्याने खोटे सांगावयाचे का?” याचे उत्तर आम्हांस त्या तासाला देता आले नाही.