पहिल्या थपडेच्या आधी

पहिली थप्पड बसली तेव्हा लग्नाला काही वर्षं झाली होती. त्रास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, हे नाशिकच्या त्या शिक्षिकेला आज लख्ख दिसतं. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तिचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे गेलं. रिक्षाच्या भाड्यासाठीही हात पसरावा लागे. मग त्याने फोनचा पासवर्ड मागून घेतला, मैत्रिणी तोडल्या, माहेरी जाणं बंद केलं. दर वेळी कारण एकच असायचं: ‘तुझ्या काळजीपोटीच सांगतोय.’

मारलं तरच छळ, अशी तिची समजूत होती. कायदा तसं मानत नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चारही प्रकार येतात. स्त्रीधन परस्पर विकणं, घरखर्च न देणं, मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, हे सगळं त्यात बसतं.

म्हणून ती आता इतर बायकांना थेट विचारते. त्याची गाडी खाली थांबली की पोटात गोळा येतो का? भाजीच्या सुट्या पैशांचाही हिशेब द्यावा लागतो का? मारून झाल्यावर तो रडतो, माफी मागतो, साडी आणतो आणि काही दिवसांनी पुन्हा तेच होतं का?

हात सुजला तेव्हा दवाखान्यात तिने ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असं सांगितलं. नर्सने नवऱ्याला बाहेर बसवलं आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं. तेव्हा कुठे तिला बोलता आलं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र याच जाणिवेतून उभं राहिलं: मार खाल्लेली बाई पोलीस चौकीच्या आधी दवाखान्यात येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं.

‘निघून जाईन’ असं रागाच्या भरात बोलून दाखवू नका, हे तिचं कळकळीचं सांगणं आहे. बाई घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. आधी आधार कार्ड, पासबुक, मार्कशीट, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद आणि जखमांचे फोटो विश्वासातल्या माणसाकडे ठेवावेत. फोनवर पाळत असेल तर मदतीसाठी मैत्रिणीचा फोन वापरावा.

नंतर तिने महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याची भेट घेतली. हे अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतात. संरक्षण, निवास, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, या सगळ्यासाठी तिथे दाद मागता येते. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

‘घर सासऱ्यांचं आहे, चालती हो’ ही धमकी तिनेही ऐकली होती. संसार थाटलेलं घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं, तरी सुनेला त्यात राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायदेशीर मार्गाशिवाय तिला तिथून हुसकावता येत नाही.

माहेरच्यांनी ‘जरा सांभाळून घे’ म्हणण्याआधी मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, असं तिला मनापासून वाटतं. जीव धोक्यात असेल तर ११२, सल्ला आणि आसऱ्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकणारे शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्यांच्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, अशी तरतूद याच कायद्यात आहे.