गोवेकर कुठले?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मग तिथली माणसं कुठल्या देशाची? १९६२ साली सरकारने हुकूम काढला. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकी, आजा-आजींपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मले, तो भारताचा नागरिक. पोर्तुगीजच राहायचे असेल, तर महिन्याच्या आत लिहून द्यायचे.

पण पोर्तुगालचा कायदा निराळा. जुन्या गोवेकरांना तो आपलेच धरतो. म्हणून पुढे कित्येकांनी लिस्बनला जन्माची नोंद केली, तिथला पासपोर्ट घेतला आणि कामाला इंग्लंड गाठले. पोटासाठीच गेले, दोष काय द्यायचा?

मात्र बघा, भारत दोन नागरिकत्वे मानत नाही. परका पासपोर्ट घेतला की इथले नागरिकत्व जाते. वाडवडिलांचे घर राहते, पण मत देता येत नाही. गावी येऊन कायम राहायचे, तर परदेशी नागरिक म्हणून सरकारकडून कार्ड काढून घ्यावे लागते.