एक वर्ग, अनेक पायऱ्या



पाड्यावरच्या शाळेसाठी आपण दप्तरे, वह्या, गणवेश देतो. ती मदत गरजेचीच आहे. पण दप्तर घेऊन वर्गात बसलेल्या मुलाला शिकवलेले समजते का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या वेळचा अभ्यासलेख त्याच प्रश्नावर आहे. शिक्षकांना तो उपयोगी पडेलच, पण संडे स्कूल घेणाऱ्यांनी आणि शिक्षणकार्याला हातभार लावणाऱ्यांनीही तो वाचावा.

गप्प बसणारे मूल

वर्गात एखादे मूल काहीच बोलत नाही. विचारले की मान खाली घालते. पुढे त्याला ‘ढ’ म्हटले जाते, मग तेही स्वतःला ढ समजू लागते आणि एक दिवस शाळेत यायचे थांबते. खरे कारण शोधले तर बहुतेकदा ते मुलाच्या बुद्धीत सापडत नाही.

पहिले कारण भाषेचे. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते. पाण्याला ते ‘डा’ म्हणते. गडचिरोलीकडचे गोंड मूल पाण्याला ‘एर’ म्हणते. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, तर गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातल्या आहेत. मराठीशी त्यांचे जवळचे नाते नाही. आपल्या मुलांना पहिल्याच दिवशी तमिळ शाळेत बसवले, तर तीही अशीच गप्प बसतील. वारली, कातकरी या बोली मराठीला जवळच्या आहेत, तरी पुस्तकातली मराठी या मुलांनाही परकीच वाटते.

दुसरे कारण स्थलांतराचे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात. मुलेही सोबत जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मूल चौथीत बसते, पण त्याचे वाचन पहिलीतच थांबलेले असते.

तिसरे कारण पटकन दिसत नाही. एखाद्याला फळा नीट दिसत नसतो, एखाद्याला कमी ऐकू येत असते, एखाद्याला एका जागी फार वेळ बसवत नसते.

कायदा काय सांगतो

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात म्हटले आहे की, शिकवण्याचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांग मुलांना इतरांसोबत एकाच शाळेत शिकण्याचा हक्क दिला. पण वर्गात बसू दिले म्हणजे सामावून घेतले असे होत नाही. धड्यात त्या मुलाला शिरता आले, तरच ते सामावले गेले.

कोसबाडचा धडा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, तीच अंगणवाडी. मुले गुरे चारायला जातात म्हणून त्यांनी कुरणात वर्ग भरवला, ती कुरणशाळा. पाने, बिया, शिंपले ही शिकवण्याची साधने झाली. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

इयत्तेऐवजी पायरी पाहावी

‘प्रथम’ ही संस्था 1995 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिने एक साधी पद्धत रूढ केली. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला काही मिनिटे जवळ बसवून वाचायला द्यायचे: आधी अक्षरे, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट. मूल जिथे अडते ती त्याची पायरी. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून एका पायरीवरची मुले एकत्र बसवायची आणि तिथून पुढे न्यायचे. चौथीतल्या मुलाला अक्षरे शिकावी लागली, तरी त्यात कमीपणा मानायचा नाही.

एका पाठाचा नमुना

समजा, पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत आहेत आणि विषय आहे आठवडे बाजार.

1. सुरुवात सर्वांनी मिळून करावी. बाजारात काय काय मिळते, हे मुलांनी घरच्या भाषेत सांगावे. शिक्षकाने त्यांचा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावा आणि शेजारी मराठी शब्द लिहावा. गप्प बसणारे मूल बहुधा इथेच पहिल्यांदा तोंड उघडते.

2. मग तीन गट करावेत. पहिल्या गटाने चिंचोके मोजून देवघेव करावी. दुसऱ्याने चित्र पाहून वस्तूचे नाव आणि किंमत लिहावी. तिसऱ्याने पूर्ण खरेदीचा हिशेब मांडावा आणि चार वाक्ये लिहावीत.

3. ज्याला कमी दिसते त्याला पुढे बसवावे आणि अक्षर ठळक, मोठे काढावे. ज्याला कमी ऐकू येते त्याच्याकडे तोंड करून बोलावे, फळ्याकडे वळून बोलू नये. चुळबुळ्या मुलाला चिंचोके वाटण्याचे काम द्यावे.

4. शेवट पुन्हा एकत्र करावा. वर्गात बाजार मांडावा. कोणी विकेल, कोणी हिशेब ठेवेल. प्रत्येक गटाचे काम सर्वांच्या उपयोगी पडेल.

सर्व मुले हिशेब शिकत आहेत. वाटा तेवढ्या निरनिराळ्या आहेत.

सांभाळायच्या गोष्टी

गट कायमचे ठेवू नयेत. दर काही आठवड्यांनी मुलांचे वाचन पुन्हा पाहावे आणि गट बदलावेत, नाहीतर ‘मागचा गट’ हा नवा शिक्का होतो. गटाला हुशार, मध्यम, कच्चा अशी नावे देऊ नयेत, झाडांची किंवा पक्ष्यांची द्यावीत. मुलाला सोपे काम देऊन तिथेच सोडू नये. पुढची पायरी त्याला दिसली पाहिजे. आणि घरची भाषा बोलले म्हणून कोणालाही रागावू नये.

आपण काय करावे

मंडळीतल्या ज्या कुटुंबांना या भाषा येतात, त्यांनी आजी-आजोबांकडच्या गोष्टी लिहून द्याव्यात. त्यातून वाचनाची छोटी पुस्तके होतील. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस एका गटाजवळ बसावे, कारण एका शिक्षकाला तीन गट सांभाळणे जड जाते. देणगी देताना गणवेशाबरोबर चित्रांची पुस्तके, पाट्या आणि डोळे-कान तपासणीचाही विचार व्हावा. साध्या चष्म्याने कितीतरी मुलांचे ‘ढ’पण जाते. शाळेला भेट दिलीत तर पटावर किती मुले आहेत एवढेच विचारून थांबू नका. त्यातली किती वाचू लागली, हेही विचारा.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या संडे स्कूलमध्ये गप्प बसणारे मूल कोण आहे? त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात?
2. येत्या रविवारचा पाठ तीन पायऱ्यांवर कसा मांडता येईल?
3. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची मुले परत आल्यावर त्यांना वर्गात सामील करून घेण्यासाठी आपली मंडळी काय करू शकेल?